विनयाची प्रशस्ती

मराठी वाङ्मयीन संस्कृतीत विनयाला जे स्थान मिळाले आहे, ते फारसे कोणत्याच अन्य गुणाला मिळालेले नाही. लेखक प्रतिभावान आहे असे म्हटल्यावर मतभेद होऊ शकतो. तो व्यासंगी आहे असे म्हटल्यावर पुरावा मागितला जातो. पण तो 'अत्यंत विनयशील' आहे असे एकदा जाहीर झाले की चर्चा थांबते. सत्काराच्या व्यासपीठावर शाल, श्रीफळ आणि मानपत्र स्वीकारून लेखक 'हा सत्कार माझा नसून मराठी भाषेचा आहे' असे म्हणतो, सभागृह टाळ्या वाजवते, आणि त्या टाळ्या भाषेसाठी असतात की लेखकासाठी, हा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे ठरते. हा प्रश्न असभ्यपणा पत्करूनही विचारला पाहिजे. कारण कृत्रिम विनय हा लेखकाच्या वैयक्तिक स्वभावाचा किरकोळ दोष नाही. समीक्षेला निःशस्त्र करणारी ती एक सार्वजनिक व्यवस्था आहे.

या व्यवस्थेची चिकित्सा करण्यासाठी नाशिकइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला, कुसुमाग्रज प्रतिष्ठान, जनस्थान पुरस्कार आणि १९४२, २००५ व २०२१ अशी साहित्यसंमेलने यांमुळे गौरवाच्या आणि विनयाच्या भाषेचा दीर्घ सराव या शहराला झालेला आहे. पण नाशिकचा खरा उपयोग वेगळ्याच कारणाने आहे. या परिसरातील सर्वांत जुन्या संहिता विनयाच्या नाहीत, तर उघड स्तुतीच्या आहेत.

त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांत, म्हणजे लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात तेथे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्राकृत कोरीव लेख आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात गौतमी बलश्री या राजमातेने आपल्या दिवंगत पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरविली आहे. शक, यवन आणि पह्लव यांचा त्याने नाश केला, क्षहरातांचा वंश निर्मूळ केला, क्षत्रियांचा गर्व उतरविला, असे ती सांगते. आणि दान देणारी आपण स्वतः सत्य, दान, क्षमा यांत रमणारी आहोत हेही नोंदवायला ती विसरत नाही. त्याच डोंगरात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात आपण कोणकोणत्या तीर्थांवर काय काय दान केले याची लांबलचक यादी देतो. 'हे फूल ना फुलाची पाकळी' असे दोघांपैकी कोणीही म्हणत नाही.

आजच्या अभिरुचीला ही आत्मप्रशंसा खटकेल. पण तिच्यात एक गुण आहे, जो विनयाच्या भाषेत नाही: ती तपासता येते. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती नहपानाची चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. राजमातेचा दावा आणि जमिनीतून निघालेले धातूचे तुकडे समोरासमोर आले, आणि निदान त्या एका बाबतीत दावा टिकला. प्रशस्तीतील इतर विशेषणांची अशीच छाननी इतिहासकार करीत आले आहेत. काही टिकली, काही अतिशयोक्तीच्या खात्यात गेली. मुद्दा असा की उघड केलेला दावा स्वतःच्या खंडनाची सोय स्वतःबरोबर घेऊन येतो. 'माझ्या हातून काहीच झाले नाही' या वाक्याची छाननी कशी करायची? ते खरे मानले तर लेखकाचा अपमान होतो, खोटे मानले तर त्याची स्तुती होते. तिसरा मार्ग या वाक्याने बंद करून टाकलेला असतो.

विनयोक्तीची भाषिक रचना हीच आहे. जेफ्री लीच या भाषावैज्ञानिकाने १९८३ मध्ये सभ्य संभाषणाची जी तत्त्वे मांडली, त्यांत विनयाचे एक तत्त्व आहे: स्वतःची स्तुती कमीत कमी करावी. पण याच्या जोडीला दुसरेही तत्त्व आहे: समोरच्याची स्तुती जास्तीत जास्त करावी. ही दोन्ही तत्त्वे एकत्र आली की एक यंत्र तयार होते. वक्ता स्वतःला कमी लेखतो. श्रोत्यावर ते नाकारण्याची सक्ती येते. नाकारताना तो स्तुती करतो. आणि वक्त्याला मागितल्याशिवाय ती मिळते. म्हणजे विनयोक्ती हे विधान नसून मागणी आहे, आणि तीही अशी मागणी की जी पूर्ण न करणारा श्रोता उद्धट ठरतो. याचक उघडपणे हात पसरतो तेव्हा देणाऱ्याला 'नाही' म्हणण्याचे स्वातंत्र्य असते. कृत्रिम विनय ते स्वातंत्र्य काढून घेतो.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा येईल. विनय ही या मातीची शिकवण आहे, संतांनी ती दिली, तिला यंत्र म्हणणे हा पाश्चात्त्य सिद्धान्तांचा उसना चष्मा आहे, असे सांगितले जाईल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. एर्न्स्ट रोबेर्ट कुर्टिउस याने १९४८ मधील आपल्या ग्रंथात युरोपीय लॅटिन साहित्यातील कृत्रिम विनय हा एक ठरीव संकेत म्हणून दाखवून दिला. ग्रंथारंभी आपली अपात्रता सांगणे हा तेथील वक्तृत्वशास्त्राचा पाठ होता. संकेत सर्वत्र असतात. प्रश्न आहे तो आपल्या परंपरेने या संकेताचे काय केले याचा.

नाशिकमधील प्रमुख नाट्यगृहाला महाकवी कालिदासाचे नाव दिलेले आहे, हे या संदर्भात सूचक आहे. रघुवंशाच्या आरंभी कालिदास स्वतःला मंदबुद्धी म्हणवतो, उंचावरच्या फळाकडे हात उंचावणाऱ्या ठेंगण्या माणसासारखे आपले हसे होईल असे सांगतो; पण त्याच श्लोकात आपल्याला कवीचे यश हवे आहे हेही स्पष्ट सांगतो. इच्छा आणि अपात्रतेची जाणीव ही दोन्ही तो एकाच ओळीत शेजारी ठेवतो. उत्तरकालीन अनुकरणकर्त्यांनी पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा गाळला. जनस्थान आणि पंचवटी यांना उत्तररामचरितात आणणारा भवभूती तर मालतीमाधवाच्या प्रस्तावनेत निंदकांची पर्वा न करता समानधर्म्या रसिकाची वाट पाहण्याची तयारी दाखवतो. आणि अकराव्या शतकातील मम्मटाने काव्यप्रकाशात काव्याची सहा प्रयोजने सांगितली, त्यांत पहिले यश आहे. अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अमंगळनिवारण, परमानंद आणि कान्तेसारखा उपदेश ही त्यानंतरची. यशाची इच्छा लपवावी असे संस्कृत काव्यशास्त्राने कोठेही शिकवलेले नाही.

राहिले संत. ज्ञानेश्वर स्वतःला लहान मूल म्हणवतात, श्रोत्यांची क्षमा मागतात. पण आपली मराठी अमृतालाही मागे टाकील अशी पैजेची भाषाही तेच करतात. तुकाराम शब्दांचे कर्तृत्व विठ्ठलाला देतात आणि प्रत्येक अभंगाच्या अखेरीस स्वतःची नाममुद्रा उमटवतात. हा अंतर्विरोध नव्हे. संतांच्या नम्रतेला निश्चित संबोध्य आहे: देव किंवा गुरू. त्याच्यापुढे लहान होण्याने श्रोत्यावर कसलेही ऋण चढत नाही. उलट श्रोत्याला तेवढ्याच उंचीवर उभे राहता येते. हीच नम्रता जेव्हा देवाऐवजी सभागृहाला उद्देशून उच्चारली जाते तेव्हा तिचे स्वरूप पालटते. देव टाळ्या वाजवीत नाही, सभागृह वाजवते. संतांची भाषा घ्यायची आणि संबोध्य बदलायचा, हा आधुनिक सत्कारसमारंभाचा खरा अपहार आहे.

मग इच्छा लपविण्याची ही गरज कोठून आली? राजाश्रयाच्या काळात मागणे उघड होते. कवी दरबारात जात असे, स्तुती करीत असे आणि दान मागत असे. मुद्रणाबरोबर आश्रयदाता बदलला. वाचकवर्ग, शिक्षणखाते, संस्था, निवडसमित्या, विद्यापीठे असा अनेकमुखी आश्रयदाता आला, आणि त्याच्याकडे मागणे म्हणजे बाजारात उभे राहणे, असा नवशिक्षित मध्यमवर्गाचा समज झाला. मागणे थांबले नाही. त्याची भाषा बदलली. 'मित्रांच्या आग्रहास्तव' संग्रह छापले जाऊ लागले, 'इच्छा नसताना' अध्यक्षपदे स्वीकारली जाऊ लागली.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अनेक दशके हे पद मतदानाने मिळे. उमेदवाराला अर्ज भरावा लागे, मतदारांना पत्रे पाठवावी लागत, म्हणजे 'मला हे हवे आहे' असे एकदा तरी स्वतःच्या नावाने म्हणावे लागे. या निवडणुकीत गटबाजी होती, हेवेदावे होते, यात शंका नाही. पण तिच्यावर घेतला गेलेला सर्वांत लोकप्रिय आक्षेप गटबाजीचा नव्हताच. 'थोर लेखकाने मते मागावीत का' हा होता. २०१८ मध्ये महामंडळाने निवडणूक रद्द केली आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्ष सन्मानाने निवडला जाऊ लागला. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर याच पद्धतीने निवडले गेले. निवडी चांगल्या झाल्या असतील. प्रश्न पद्धतीचा आहे. इच्छा व्यक्त करण्याची नामुष्की टळली, पण तिच्याबरोबर इच्छेला जाहीरपणे विरोध करण्याची सोयही गेली. जे मागितले गेले नाही ते नाकारता येत नाही.

१९४२ साल येथे पुन्हा आठवावे लागते. त्या वर्षी नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष होते आचार्य अत्रे, आणि त्याच वर्षी वि. स. खांडेकर यांच्या पुढाकाराने नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांचा 'विशाखा' हा संग्रह प्रसिद्ध झाला. मराठी वाङ्मयीन संस्कृतीतील आत्मप्रतिमेचे दोन आदर्श असे एका वर्षात, एका शहराच्या संदर्भात एकत्र आले. अत्र्यांना स्वतःविषयी बोलायला संकोच नव्हता. दहा हजार वर्षांचे माप लावल्याखेरीज त्यांची स्तुती पुरी होत नसे आणि निंदाही. कुसुमाग्रजांनी तर कवितेवर स्वतःचे नावही घातले नाही. कुसुम या बहिणीचा थोरला भाऊ एवढीच ओळख त्यांनी पुरेशी मानली. १९६४ चे मडगावच्या संमेलनाचे अध्यक्षपद, १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार, १९९१ चे पद्मभूषण हे सारे मिळाल्यावरही त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाचा प्रमुख पुरस्कार त्यांच्या नावाने नाही, तर 'जनस्थान' या नाशिकच्या प्राचीन नावाने दिला जातो. १९९१ मध्ये विजय तेंडुलकरांपासून सुरू झालेल्या या पुरस्काराने गौरवाचा प्रवाह दुसऱ्यांकडे वळविला. हा विनय कृतीतला आहे आणि तो खरा आहे.

पण खऱ्या विनयाचेही भक्त होतात, आणि भक्तांच्या हाती तो पुन्हा यंत्र बनतो. कुसुमाग्रजांवरील गौरवपर लेखनाचा मोठा भाग त्यांच्या साधेपणाच्या, अबोल दातृत्वाच्या, प्रसिद्धिपराङ्मुखतेच्या आठवणींनी भरलेला आहे. त्या आठवणी खऱ्या असतीलही. त्या कवितेविषयी काहीही सांगत नाहीत. 'विशाखा'तील क्रांतीची भव्य प्रतिमासृष्टी आणि उत्तरकालीन कवितेतील संयत स्वर यांचा संबंध काय, 'नटसम्राट'चे किंग लियरशी नाते कितपत घट्ट आणि कितपत सैल, हे प्रश्न गंभीर समीक्षकांनी विचारले आहेत. पण व्यासपीठावर ते विचारले की ते थेट माणसाच्या सद्गुणावरचा हल्ला मानले जातात. अत्र्यांशी भांडता येत होते, आणि मराठी साहित्य त्यांच्याशी भरपूर भांडले. जो कवी स्वतःसाठी काहीच मागत नाही त्याच्याशी भांडायचे कसे? भक्तांनी ही अडचण कवीच्या गौरवात रूपांतरित केली आणि कवितेला वादापासून, म्हणजेच जिवंत वाचनापासून, वंचित केले.

गंमत अशी की या भक्तांना खुद्द शिरवाडकरांचे 'नटसम्राट' नीट वाचता आलेले नाही. २३ डिसेंबर १९७० रोजी प्रथम रंगमंचावर आलेल्या या नाटकाचा नायक गणपतराव बेलवलकर हा विनयाचा पुतळा नाही. टाळ्या हे त्याच्या आयुष्याचे अन्न आहे आणि ते तो लपवीत नाही. मुलांना सर्वस्व देऊन निवृत्त झालेला हा नट घरात जे हरवतो ते केवळ पैसा किंवा खोली नव्हे. त्याला पाहणारा, ओळखणारा, दाद देणारा डोळा तो हरवतो. स्तुतीची इच्छा ही माणूस म्हणून मान्यता मिळण्याच्या इच्छेपासून तोडता येत नाही, हे मराठी रंगभूमीवर इतक्या निर्भीडपणे सांगणारी संहिता एका तथाकथित प्रसिद्धिपराङ्मुख लेखकाने लिहिली. शिरवाडकरांना ही भूक कळत होती आणि तिची त्यांना लाज वाटत नव्हती. लाज त्यांच्या सत्कारकर्त्यांना वाटते.

कृत्रिम विनयाचा सर्वांत गंभीर परिणाम मात्र याहून वेगळ्या ठिकाणी दिसतो. विनय कोणाला परवडतो? ज्याची थोरवी आधीच मान्य झालेली आहे, त्यालाच स्वतःला लहान म्हणण्यात सौंदर्य गवसते. ज्याला समाजाने लहान म्हणूनच जन्माला घातले, त्याच्याकडून पुन्हा विनयाची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या जागेची त्याला आठवण करून देणे होय. नाशिकजवळच्या विहितगावी जन्मलेल्या आणि नाशिकमध्ये राहिलेल्या बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला. त्याचे शीर्षकच स्वतःविषयी मौन पाळण्याच्या सक्तीचे नाव आहे: भाड्याची खोली मिळावी म्हणून स्वतःला लपवावे लागणाऱ्या माणसाची ती कथा आहे. आत्मगोपन हा सवर्ण लेखकाचा अलंकार असतो. बागुलांच्या नायकासाठी तो जगण्याची अट आहे, आणि ती मोडताच मार खावा लागतो. अशा लेखकाने, किंवा सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांसारख्या शाहिराने, स्वतःच्या आवाजाचा अभिमान मोकळेपणाने सांगितला की प्रस्थापित अभिरुचीला तो 'आक्रस्ताळा' वाटतो. दलित साहित्यावर घेतल्या गेलेल्या आक्षेपांत 'प्रचारकी', 'आत्मकेंद्री', 'उर्मट' ही विशेषणे वारंवार येतात, आणि ती सौंदर्यशास्त्रीय वाटली तरी त्यांच्या मुळाशी विनयाची सामाजिक अपेक्षा आहे. बागुलांना २००७ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या एक वर्ष आधी, जनस्थान पुरस्कार मिळाला. तोपर्यंत त्या कथासंग्रहाला चव्वेचाळीस वर्षे उलटली होती.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या आणि १९३६ मध्ये नाशिकलाच निधन पावलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मराठी गद्याचा मानदंड मानली जातात; पण त्यांची स्तुती करताना 'भाबडी', 'साधी', 'निरागस' हे शब्द हटकून वापरले जातात. संहिता काही वेगळेच सांगते. लक्ष्मीबाई स्वतःच्या फजित्या मनसोक्त हसत सांगतात आणि आपल्या हातून झालेले कर्तृत्वही तितक्याच सरळपणे सांगतात. सोवळ्याओवळ्याचा त्याग कसा घडला याचे वर्णन करताना त्या स्वतःला ना पापी ठरवतात ना संत. येथे विनयही नाही आणि गर्वही नाही. स्वतःचे अचूक माप घेण्याचे धैर्य आहे. या धैर्याला भाबडेपणा म्हणणे ही समीक्षेची सोय आहे, कारण स्त्रीने स्वतःचे माप स्वतः घेतले हे मान्य करण्यापेक्षा ती भाबडी होती असे मानणे सोपे जाते.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे: विनयाचा संकेत मोडला तर आत्मप्रौढीचा पूर येईल. हा आक्षेप पूर आधीच आलेला आहे याकडे दुर्लक्ष करतो. गौरवग्रंथ, अमृतमहोत्सवी विशेषांक, परस्परांच्या पुस्तकांना लिहिलेल्या प्रस्तावना ही सारी आत्मप्रौढीच आहे. फक्त ती दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतलेली आहे. ॲडम स्मिथने १७५९ मध्ये नैतिक भावनांविषयीच्या ग्रंथात एक उपयुक्त भेद केला होता: स्तुतीची आवड वेगळी आणि स्तुतीला पात्र होण्याची आवड वेगळी. पहिलीला टाळी पुरते. दुसरीला परीक्षा लागते. कृत्रिम विनय पहिली भागवतो आणि दुसरीला उपाशी ठेवतो, कारण ज्याने काही केल्याचा दावाच केला नाही त्याची परीक्षा कशाची घ्यायची? भालचंद्र नेमाडे यांनी 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' असा प्रश्न विचारून सत्कारसंस्कृतीवर आघात केला, तेव्हा त्यांचा रोख लेखकाच्या संस्थारूप होण्यावर होता. त्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग अजून विचारायचा राहिला आहे: लेखकरावाला लेखकराव करणारा विनय कोणाचा? तो केवळ लेखकाचा नसून वाचकाचा आणि समीक्षकाचाही आहे. थोरांपुढे मत न मांडणे यालाही मराठीत विनयच म्हणतात.

विद्यापीठीय संशोधनात या रोगाचे रूप सर्वांत केविलवाणे आहे. प्रबंधाच्या प्रास्ताविकात 'हा एक अल्पसा प्रयत्न' असे वाक्य नसेल असा मराठी प्रबंध विरळा. अल्प प्रयत्नाला पीएच.डी. का द्यावी, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण ते वाक्य वाचायचे नसते, ओलांडायचे असते. पण ते निरुपद्रवी नाही. आपल्या आधीच्या संशोधनात काय चूक होती, आपण नवे काय दाखविले, कोणता पुरावा मिळाला तर आपला निष्कर्ष कोसळेल, ही तीन विधाने प्रबंधाने करायची असतात. 'अल्पसा प्रयत्न' या तिन्हींची जागा घेतो. मार्गदर्शकाला ते सोयीचे, परीक्षकाला सोयीचे, आणि विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरणारी सवय लावणारे.

स्तुतीची इच्छा माणसाला असते, आणि लिहिणाऱ्या माणसाला ती अधिक असते. त्यात लपवण्यासारखे काही नाही. जिला उच्चार मिळतो त्या इच्छेला मर्यादा घालता येते, तिच्याशी वाद घालता येतो, तिला नाकारता येते. जी विनयाच्या वेषात येते तिला फक्त शरण जाता येते. समीक्षेचे काम लेखकाला नम्र करणे हे नाही आणि त्याच्या नम्रतेची वाखाणणी करणे हे तर मुळीच नाही. लेखकाने काय केले आहे असे तो स्वतः म्हणतो, ते विचारून घेणे आणि मग संहितेच्या पुराव्यावर ते तपासणे, एवढेच तिचे काम आहे. ज्या लेखकाला आपल्या कृतीविषयी कोणताच दावा करायचा नसेल, त्याने ती प्रसिद्ध का केली याचे उत्तर द्यावे. आणि ज्या समीक्षकाला दावा तपासण्याचे धाडस नसेल, त्याने आपल्या मौनाला सौजन्य म्हणू नये.